शॉवर गळतोय? आधी कोण गळतंय ते बघा

शॉवर बंद केल्यावर थोडा वेळ टपटप होणारच. वरच्या चाळणीत आणि तिच्या वाकड्या दांडीत पाणी अडकून राहिलेलं असतं. भोकं बारीक, त्यामुळे ते तिथेच तटून बसतं आणि एखाद्या भोकातून हवा आत शिरली की भसकन खाली येतं. आमच्याकडे तर अर्ध्या तासाने येतं, बाथरूममध्ये कोणी नसताना, आणि मग बाहेरच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज येतो, "अगं, बघ, परत सुरू झालं!" म्हणून पान्हा हातात घ्यायच्या आधी नळ खरंच बिघडलाय का, हे बघून घ्या. रात्री सगळ्यांचं आवरल्यावर तासाभराने शॉवरखाली एक तपेली ठेवा. सकाळी ती कोरडी असेल तर पुढचं वाचायची गरज नाही.

आमची तपेली भरून वाहत होती.

मी अकाउंट्समध्ये आहे, त्यामुळे हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. साधारण वीस थेंबांचं एक मिलिलिटर होतं. सेकंदाला एक थेंब धरला तर दिवसाचे ८६,४०० थेंब, म्हणजे सव्वाचार लिटरच्या थोडं वर. एक बादलीसुद्धा नाही. घरात बाकीच्यांना हा आकडा अगदीच किरकोळ वाटला. फक्त सासूबाईंना वाटला नाही. त्या १९७५ साली लग्न होऊन इंदूरला आल्या, रामबागेत, आणि तेव्हा शहरात नर्मदा आलेली नव्हती. नर्मदेच्या पाण्यासाठी १९७० साली इथे मोठं आंदोलन झालं, प्रत्यक्ष पाणी पोचलं ते १९७८ साली. जलूदहून सुमारे ७० किलोमीटर, तेही घाट चढवून. मधली तीन वर्षं त्यांनी पहाटे उठून सार्वजनिक नळावर कळशा लावल्या आहेत. त्यांच्यासमोर नळ गळत ठेवून "बघू नंतर" म्हणायची सोय नाही.

आता सुदामा नगरातल्या घरात, इंदूरच्या पुष्कळ घरांत असतं तसं, दोन प्रकारचं पाणी आहे. नर्मदा एक दिवसाआड येते, ती हौदात आणि तिथून स्वयंपाकघरात. अंघोळ, धुणं, फरशी सगळं बोरिंगवर. बोरिंगचं पाणी जड. खाली माळव्याचा काळा दगड, त्यातून क्षार घेऊनच ते वर येतं. बादलीच्या आत जो पांढरा थर बसतो तोच नळाच्या पोटातही बसत असतो, फक्त दिसत नाही. हे पुढे कामाला येईल.

प्लंबरला बोलावलं होतं. "आता हूँ मैडम, आधे घंटे में" असं दोन-तीनदा झाल्यावर तो आला, दारातूनच शॉवरकडे बघितलं, नळाला हातही न लावता म्हणाला, "मिक्सर बदलना पड़ेगा, दीवार खुलेगी." आमच्या त्या बाथरूमला हिरवट रंगाच्या जुन्या टाइल्स आहेत, तशा आता कुठेही मिळत नाहीत. भिंत फोडली की सगळं बाथरूम नवं करा, हे ओघानं आलंच. मी त्याला चहा दिला, विचार करून सांगते म्हटलं आणि तो गेल्यावर स्टुलावर बसून त्या मिक्सरकडे, म्हणजे गरम-गार पाणी एकत्र करणाऱ्या नळाच्या जोडीकडे, नीट बघितलं. तो भिंतीच्या बाहेर होता. दोन वाकड्या पायांवर उभा, दोन नट भिंतीपाशी स्वच्छ दिसत होते. सगळा मिक्सर जरी बदलायचा झाला तरी ते दोन नट सोडले की तो हातात यावा. दीवार कशासाठी खुलणार होती, ते मला अजून कळलेलं नाही.

(ज्यांचा नळ भिंतीच्या आत आहे, नुसती मूठ बाहेर दिसते, त्यांनीही लगेच घाबरू नये. आतला स्पिंडल, म्हणजे मुठीबरोबर फिरून पाणी उघड-बंद करणारा दांडा, मुठीच्या बाजूने, बाहेरूनच निघतो.)

आमच्या मिक्सरला डावीकडे गरम, उजवीकडे गार आणि मध्ये एक खुंटी, पाणी बादलीत सोडायचं की शॉवरला पाठवायचं हे ठरवणारी. म्हणजे संशयित तीन. माझ्या मते या कामातला खरा डोक्याचा भाग इथेच आहे. खोलणं-लावणं म्हणजे नुसते हात.

मधल्या खुंटीचं आधी बघा. बादली भरत असताना वरून शॉवरही ठिबकत असेल तर दोष तिचा. पण सगळे नळ बंद असतानाही थेंब पडत असेल तर तिचा काही संबंध नाही. पाणी तिच्यापर्यंत येतंय तेच मुळी चुकीचं आहे, तिने काय करावं? आमचं हे दुसरं होतं. मग राहिले गरम आणि गार. यासाठी एक सोपी युक्ती आहे, ती मला ऑफिसातल्या शिपाईदादांनी सांगितली. गीझरचा स्विच बंद करा आणि गीझरमध्ये पाणी जातं तिथला अँगल कॉक, म्हणजे भिंतीपाशी असतो तो छोटा नळ, बंद करा. आता गरम बाजूला मागून दाब नाही. थोड्या वेळात थेंब थांबला तर गरम नळ गळतोय. चालूच राहिला तर गार. आमचा थांबला.

पुढे विचार केल्यावर वाटलं, हे तर न बघताही सांगता आलं असतं. गरम पाण्याने रबर लवकर कडक होतं आणि जड पाणी तापलं की क्षारही जास्त सुटतात. दोन्ही त्रास डाव्या बाजूलाच.

शनिवारी दुपारी कामाला लागले. नवरा पीथमपूरला, लेक टॉर्च धरायला, सासूबाई दारात खुर्ची टाकून देखरेखीला. सामान काय लागलं? एक ॲडजस्टेबल पान्हा, एक चौफुली आणि एक साधा पेचकस, जुनं फडकं, पांढरं व्हिनेगर. बस.

पहिली गोष्ट, गच्चीवर जाऊन टाकीचा व्हॉल्व्ह बंद करणं. आमच्या गच्चीवर दोन टाक्या आणि पाइपांचं जाळं, कुठला व्हॉल्व्ह कशाचा हे माहीत असणारे एकच होते, सासरे, आणि ते आता नाहीत. मी एकेक फिरवत गेले आणि लेक खालून ओरडून सांगत गेली, "स्वयंपाकघर गेलं! ... आलं! ... आता बाथरूम गेलं!" नंतर प्रत्येकावर ऑइल पेंटने नाव लिहून टाकलं. बाकी काही नाही केलंत तरी एवढं करा. रात्री पाइप फुटला तर टॉर्च घेऊन वर धावाल तेव्हा दुवा द्याल. आणि जुन्या व्हॉल्व्हचं चाक अडलं तर जोर लावू नका. थोडं पुढे, थोडं मागे असं करत सैल होऊ द्या. आतला दांडा तुटला तर गळका शॉवर बरा म्हणायची पाळी येते.

खाली आल्यावर दोन्ही नळ उघडून पाइपातलं पाणी जाऊ दिलं. मोरीच्या जाळीवर फडकं पसरलं, कारण खाली पडणारा स्क्रू बरोबर तिथेच जातो. मग मुठीवरची लाल टिकली नखाने उचकटायला गेले तर ती ढिम्म. आंबाड्याच्या आकड्याचं टोक तिच्या कडेत घातलं, तेव्हा निघाली. खाली स्क्रू. तो निघाला, पण मूठ निघेना. इतक्या वर्षांच्या क्षाराने ती दांड्याला चिकटून एकजीव झाली होती. हातोडी मारायचा मोह इथे होतो, मारू नका. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं तिच्याभोवती गुंडाळलं आणि आम्ही तिघींनी चहा घेतला. परत आल्यावर मूठ डावी-उजवी हलवत सरळ बाहेर ओढली, तेव्हा आतून पांढरी भुकटी सांडली.

व्हिनेगरऐवजी बाथरूम धुवायचं ॲसिड वापरू का, असं शेजारच्या वहिनींनी विचारलं होतं. अजिबात नको. ते क्षार खातं, पण त्याबरोबर वरचा चकचकीत मुलामा आणि आतलं पितळही खातं.

मुठीमागचा गोल झाकणासारखा फ्लँज हाताने फिरवून निघाला. आता समोर षटकोनी पितळी नट दिसतो, तो स्पिंडलचा. पान्हा लावण्याआधी दोन गोष्टी. नळाचा दांडा फिरवून नळ अर्धा उघडा ठेवायचा, म्हणजे आतला वायसर, ती पाणी अडवणारी रबरी चकती, खालच्या पितळी कडेवरून उचललेला राहतो आणि स्पिंडल काढताना घासत नाही. आणि मिक्सरचं अंग दुसऱ्या हाताने घट्ट धरायचं, नाहीतर नट फिरण्याऐवजी अख्खा मिक्सर पायांवर पिळला जातो. पान्ह्याच्या जबड्यात कापड घातलं, घड्याळाच्या उलट दिशेने हळूहळू दाब दिला. काहीच होईना. आणखी दाब. मग 'कट्ट' असा आवाज आला आणि माझ्या पोटात गोळा आला. लेक म्हणाली, "तुटलं?" तुटलं नव्हतं. आटे सुटल्याचा आवाज तसाच असतो.

स्पिंडल बाहेर आला आणि सगळा प्रकार डोळ्यांसमोर होता. टोकाला काळा रबरी वायसर, आणि त्यावर शंकरपाळ्याच्या लाटलेल्या पोळीवर वाटी दाबून ठेवावी तशी गोल, खोल खाच. एका जागी खाच कडेपर्यंत गेलेली, तिथून रबराचा चिमुकला तुकडा उडालेला. नखाने दाबलं तर रबर दबेना, प्लास्टिकसारखं कडक. पाणी तिथूनच वाट काढत होतं.

खाच का पडते तेही तेव्हाच समजलं. नळाच्या आत पितळेची एक गोल कड असते, तिला बैठक म्हणा. नळ बंद करतो तेव्हा वायसर त्या कडेवर दाबला जातो. एवढंच काम. पण गळायला लागलं की आपण जास्त जोराने पिळतो, त्याने खाच आणखी खोल होते, आणखी गळतं, आणखी पिळतो. आमच्याकडे हे पिळण्याचं काम कोण करतं ते मी लिहीत नाही. त्या दारातच बसल्या होत्या आणि म्हणाल्या, "मी तर घट्टच बंद करते बाई, सैल ठेवत नाही." मी म्हटलं, "आई, तुम्ही घट्ट करता म्हणूनच." त्यावर त्यांनी, आमच्या वेळचे नळ असे नव्हते, असं सांगितलं. तेही खरं असेल.

बैठक बघायला विसरू नका. नवा वायसर घातला आणि तरी गळतंय, असं पुष्कळांचं होतं, त्याचं कारण बहुतेक वेळा तिथे असतं. टॉर्च आत मारा, करंगळी घालून कडेवरून गोल फिरवा. गुळगुळीत लागली तर ठीक. कुठे खड्डा, खाच लागली तर ती घासून सपाट करायला वेगळं हत्यार असतं, ते काम प्लंबरचं. आमच्या कडेवर खड्डा नव्हता, खडीसाखरेइतका टणक क्षार मात्र होता. व्हिनेगरचा बोळा काडीला गुंडाळून, भिजवून, पुसून, परत भिजवून तो काढला. पेचकसाने खरवडलं नाही. पितळ मऊ असतं, ओरखडा गेला की तोच नवा रस्ता.

मग जुना स्पिंडल रुमालात गुंडाळून स्कूटरवर सियागंजच्या बाजारात. वायसर कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतो, पण मला अख्खा स्पिंडल दाखवायचा होता. सियागंजात दुपारी गाडी लावायला जागा मिळणं हे नळदुरुस्तीपेक्षा अवघड काम आहे, त्याबद्दल पुन्हा कधीतरी. दुकानदाराने पहिलाच प्रश्न केला, "दीदी, पुराना लाए हो?" रुमाल सोडला तसा त्याचा चेहरा खुलला. म्हणाला, लोक फोटो दाखवतात नाहीतर हाताने एवढा-एवढा करून लांबी दाखवतात आणि दुसऱ्या दिवशी बदलून मागायला येतात. त्याने माझा स्पिंडल चार-पाच नव्या स्पिंडलांच्या शेजारी उभा करून बघितला. आटे बहुतेकांचे सारखे, अर्ध्या इंचाचे. फरक लांबीत आणि वरच्या दातांत. दांड्याच्या टोकाला बारीक दात असतात, त्यांवर मूठ बसते, आणि प्रत्येक कंपनीचे दात निराळे. जुळले नाहीत तर मूठ बसत तरी नाही किंवा नुसतीच गोल फिरत राहते.

शेवटी त्यानेच माझा खर्च वाचवला. दांडा सरळ आहे, आटे चांगले आहेत, नवा कशाला घेता म्हणाला. दहा-दहा रुपयांचे वायसर आणि स्पिंडलच्या मधल्या ओ-रिंग, म्हणजे रबराच्या बारीक कड्या, दिल्या, एक जोडी जास्तीची. "ठंडे वाले का भी बदल दो भिया की बहन," असं काहीसं म्हणून स्वतःच हसला. गार बाजूचाही बदलायचा हा सल्ला योग्य होता. पाणी बंद केलेलंच आहे, नळ उघडलेलाच आहे, पुन्हा सहा महिन्यांनी हे सगळं कोण करणार?

निघताना टेफ्लॉन टेपही मागितली, तर तो म्हणाला, इसमें नहीं लगता. मला नवलच वाटलं, कारण आजवर आलेल्या प्रत्येक प्लंबरने प्रत्येक गोष्टीला ती पांढरी पट्टी गुंडाळलेली बघितली आहे. त्याने समजावलं ते असं: पाइप पाइपात बसतो तिथे आट्यांमधून पाणी येऊ नये म्हणून टेप. स्पिंडलला मात्र पाणी अडवायला स्वतःची रिंग असते. तिथे टेप घातली तर तो पूर्ण आत बसत नाही आणि टेपचे धागे सुटून पाण्याबरोबर वर शॉवरच्या भोकांत जातात.

घरी येऊन जोडणी, म्हणजे आधीचंच सगळं उलट्या क्रमाने. नव्या ओ-रिंगला थोडं ओशट लावलं की ती सहज सरकते. सासूबाई लगेच खोबरेल घेऊन आल्या. तेलाने आणि व्हॅसलिननेही अशी रबरं फुगतात, म्हणून सिलिकॉनचं ग्रीस लागतं. ते नव्हतं, तर नुसत्या पाण्याने ओली करून घातली. स्पिंडल आधी हाताने फिरवा. आटे बरोबर लागले असतील तर तो बोटांनी बराच आत जातो. दुसऱ्याच फेऱ्यात अडला तर तिरका लागलाय, काढा आणि परत लावा. पान्हा शेवटच्या थोड्याशा फेऱ्यापुरता.

पाणी सुरू करण्याआधी शॉवरची चाळणी काढून ठेवा. एवढ्या खुडबुडीत सुटलेला कचरा पहिल्या धारेबरोबर येतो आणि सरळ तिच्यात जाऊन बसतो. नळ उघडे ठेवून गच्चीवरचा व्हॉल्व्ह थोडासाच उघडला. आधी नुसती हवा फुसफुसली, मग तांबडं, मग पांढरट, मग स्वच्छ पाणी. गीझरचा कॉक उघडला, गरम नळातून सलग धार येईपर्यंत थांबले आणि त्यानंतरच स्विच लावला. काढलेली चाळणी तोवर व्हिनेगरमध्ये भिजत होती. दुसऱ्या दिवशी लावली तेव्हा बंद पडलेली निम्मी भोकं सुरू झाली होती, आणि आता शॉवर भिंतीवर न पडता डोक्यावर पडतो.

थेंब थांबला. नळ आता दोन बोटांनी बंद होतो, आणि दोन बोटांनीच करायचा असा घरात नियम आहे. तो पाळला जातो की नाही हे वायसर सांगेलच.

खालच्या मजल्यावरच्या बेसिनचा नळ मात्र वेगळ्या जातीचा आहे, पाव फेऱ्यात उघडणारा. त्यात रबर दाबलं जात नाही. चिनी मातीसारख्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात, भोकासमोर भोक आलं की पाणी सुरू. वाळूचा कण मध्ये सापडला की चकतीवर चरा पडतो, आणि तिथे दहा रुपयांचा वायसर चालत नाही, आतलं सबंध कार्ट्रिज बदलावं लागतं. काही नळांत डाव्या आणि उजव्या बाजूचं कार्ट्रिज वेगळं असतं, कारण दोन्ही मुठी उलट दिशांना उघडतात, तेही बघून घ्यावं लागतं. नळावरचं कंपनीचं नाव घासून घासून गेलंय. परवापासून त्याच्या तोंडाशी एक थेंब लोंबकळताना दिसतोय, तेव्हा येत्या शनिवारी तो खोलून, रुमालात गुंडाळून, परत सियागंज.